भाव विचारणारे दामूकाका

सात वर्षं मी ज्या काउंटरवर बसले, तिथे मला शिव्या देणारे पुष्कळ आले. एकाने तर काचेवर अशी मूठ मारली की कोपऱ्यात तडा गेला. पण मी मनातून घाबरायचे ती एकाच माणसाला, आणि त्याने कधी आवाजही चढवला नाही.

शहापुरात हायवेपासून जरा आत आमचं वीस खाटांचं हॉस्पिटल. चालवणारे डॉक्टर नवरा-बायको. त्यांना आम्ही सर आणि मॅडम म्हणायचो. मी सापगावची, शिक्षण बारावी आणि कॉम्प्युटरचा कोर्स. पेशंटचं नाव-गाव लिहून घ्यायचं, डिपॉझिट घ्यायचं आणि जाताना बिल काढून द्यायचं, एवढं माझं काम. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला शिकवून ठेवलं होतं, "खर्च किती येईल विचारलं तर आकडा सांगायचा नाही. डॉक्टर सांगतील म्हणायचं." मी तसं म्हणायला लागले. दिवसातून वीस-वीसदा म्हणत असेन. तोंडात इतकं बसलं की एकदा घरी आईने भाजी काय करू विचारलं, तर माझ्या तोंडून तेच निघालं.

अशात एक दिवस दामूकाका आले. पासष्टीच्या पुढचा, काटकुळा, उंच माणूस. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, आणि हातात औषधाच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी. त्या पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि तो त्यांचा नव्हता. शेजारणीचा होता. तिचं अपेंडिक्स काढायचं होतं, सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. शेजारीण बाकावर पोट धरून बसली होती आणि तिचा नवरा तिच्यापेक्षा घाबरलेला होता.

"बाय, किती होतील?" दामूकाकांनी विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

ते केबिनमध्ये गेले. दोन मिनिटांनी परत आले. "डॉक्टर म्हनतात पैशाचं काउंटरला इचारा."

"काउंटरला फक्त डिपॉझिट घेतात काका. एकूण किती ते डॉक्टरच सांगतील."

ते पुन्हा आत गेले आणि पुन्हा बाहेर आले. तिसऱ्या वेळी आले तेव्हा त्यांनी सरांचं मनगट धरलं होतं. ओढून नव्हे; लग्नात व्याह्याला हाताला धरून पंगतीत आणतात तसं, मानाने. सरांनाही काय चाललंय ते कळेना. त्यांना माझ्यासमोर उभं करून दामूकाका एक पाऊल मागे सरले.

"डॉक्टरसाहेब म्हनतात ही सांगल, ही म्हनते तुमी सांगाल. आता तुमी दोघं एकमेकांला इचारा. मी नुसता आयकतो."

बाकावरचे सगळे आमच्याकडे बघत होते. सर कसंनुसं हसले. मग म्हणाले, "चाळीसपर्यंत जाईल. गुंतागुंत निघाली तर जास्त."

"गुंता निघाला तर सांगाल ना आमाला? मग झालं," दामूकाका म्हणाले आणि शेजारणीच्या नवऱ्याकडे वळले. "चाळीस. हायत ना तुझ्याकडं? मग कशाला कापतोस रे?"

आणि तो माणूस खरोखर सावरला. मला त्याचं नवल वाटलं. चाळीस हजार काही थोडे नव्हते त्याला. पण आकडा कळल्यावर त्याने पहिल्यांदा बायकोला विचारलं, पाणी देऊ का म्हणून.

दामूकाकांचं गाव मुरबाड तालुक्यात, म्हशाच्याही पुढे. उभी हयात त्यांनी गुरांची दलाली केली. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जमवून द्यायचा. म्हशाची जत्रा म्हणजे त्यांची वर्षाची कमाई. एका जत्रेत मी मैत्रिणींबरोबर गेले असताना ते बैलांच्या गर्दीत भेटले. त्यांनी आम्हाला गोडी शेव घेऊन दिली आणि बैलाचा सौदा कसा होतो ते दाखवलं. दोघांचे हात एका टॉवेलाखाली. बोटं धरायची, दाबायची, त्यात आकडा. बघणाऱ्याला काही कळत नाही. मी गमतीने म्हटलं, "काका, म्हणजे तुम्हीसुद्धा भाव लपवूनच ठेवता की."

"लपवतो ना. जगापासून लपवतो," ते म्हणाले. "पन टॉवेलाखाली हात दोघांचे असतात गो. तुमच्याकडं टॉवेलही तुमचा, हातही तुमचाच. आमी नुसते टॉवेलाकडं बघत बसायचं."

मी शेव खात राहिले.

दलालीतून ते कधी हॉस्पिटलकडे वळले, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. त्यांच्या बाजूच्या पाच-सात गावांत रीतच पडून गेली होती: कुणाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की आधी दामूकाकांना हाक मारायची. ते चपला घालूनच बसलेले असल्यासारखे निघायचे. पैसे घ्यायचे नाहीत. जीपचं भाडं मात्र समोरच्याने भरायचं आणि दुपारी उसळपाव खाऊ घालायचा. चहा चालायचा नाही. चहाने पित्त होतं म्हणायचे, आणि दुसऱ्याच्या कपातला उरलेला निम्मा न चुकता प्यायचे. शाळा दुसरीपर्यंत. अक्षरं जुळवायला त्यांना वेळ लागे. आकड्यांचं मात्र असं की एकदा ऐकला की गेला आत. शहापूर, मुरबाड, किन्हवली, कल्याण, कुठे कशाचे किती घेतात ते सगळं तोंडपाठ, आणि तेही माणसांच्या नावानिशी. "सिझर ना? किसनाच्या सुनंचं बत्तीस झालं होतं, त्यात औषधं धरून. मोतीबिंदू आमच्या चुलतीचा अकरात, पन तो एका डोळ्याचा." बैलाचे दात मोजून वय सांगावं तसं ते सांगत.

आणि एक नियम होता त्यांचा. साप चावला, रक्त थांबत नाही, माणूस शुद्धीत नाही, अशा वेळी भाव विचारायचा नाही. एकदा सर्पदंशाचा पेशंट घेऊन आलेला एक बाप काउंटरशी घुटमळत होता, "किती लागतील?" करत. दामूकाका दुसऱ्याच कुणाबरोबर आले होते. त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "आदी आत ने! साप काय भाव इचारून चावला?"

मॅडमना त्यांचा राग यायचा. त्यांना वाटे हा माणूस पेशंट फोडतो, इथला भाव तिथे सांगतो. भाव ते सांगायचेच. पण आमचे पेशंट त्यांनी फोडले असं मात्र मला कधी दिसलं नाही. उलट आमच्याकडे आणलेच जास्त.

"इतर"ची गोष्ट तर अजून आमच्याकडे सांगतात. कुणाच्या तरी हर्नियाच्या ऑपरेशनचं बिल मी काढून दिलं. दामूकाकांनी कागद माझ्याचकडे परत सरकवला. "वाचून दाखव."

मी वाचलं. खाट, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर, भूल, औषधं. शेवटी, "इतर, अडतीसशे."

"कोन?"

"इतर."

"हा इतर कोन? पाच दिवस मी हितं येतोय. डॉक्टर बघितले, भूलवाले बघितले, सिस्टर बघितल्या, झाडूवाली मावशी बघितली. हा इतर कवा आला नाय. बोलव त्याला. अडतीसशे घेतो म्हंजी कायतरी काम केलं असल. भेटू दे, हात जोडतो."

बाकावरचे लोक हसायला लागले. मी हसू शकले नाही, कारण तो इतर म्हणजे मीच होते. बिल ठरलेल्या आकड्याला आणून बसवायचं असेल तर उरलेली रक्कम त्या रकान्यात टाकायची, असं मला सांगितलेलं होतं. मी आत जाऊन सरांना विचारलं. सरांनी बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि पेन घेऊन ती ओळ खोडली. सर वाईट नव्हते. सोनोग्राफी मशीनचे हप्ते होते, दर महिन्याला भूलतज्ज्ञ कल्याणहून येऊन रोख घेऊन जायचे, अर्धे पेशंट बिलात घासाघीस करायचे. एकदा मला म्हणाले होते, "आकडा आधी सांगितला आणि केस बिघडली, तर लोक मला फाडून खातील." हेही खोटं नव्हतं.

मला ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो ऑक्टोबरातला होता, भात पिवळं पडायला लागलं होतं. दुपारी तीनच्या सुमारास डोंगराकडच्या एका वाडीतून एक जोडपं आलं. ती विशी-बाविशीची असेल, पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. सरकारी दवाखान्यातून त्यांना ठाण्याला जा सांगितलं होतं; मूल आडवं आहे म्हणे. एवढ्या लांब नेण्यापेक्षा जवळ म्हणून ते आमच्याकडे आले होते. नवरा काउंटरशी आला. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, तो गळ्याशी हात धरून बोलत होता.

"किती पैसं?"

"वीस हजार आधी जमा करा."

"मंग पुढं?"

"पुढचं डॉक्टर सांगतील."

तो माझ्याकडे बघत राहिला. आणखी काही सांगेन असं त्याला वाटलं असावं. मी पुढच्या पेशंटचं नाव विचारलं. तो मागे फिरला, बायकोला उठवलं, आणि दोघं बाहेर गेली. जाताना तिने दाराची चौकट धरली आणि एक कळ जाईपर्यंत तशीच उभी राहिली. मी ते पाहिलं, आणि मान खाली घालून टाइप करत राहिले.

दामूकाका त्या दिवशी कुणाला तरी टाके काढायला घेऊन आले होते. त्यांनीही पाहिलं. ते उठून बाहेर गेले. फाटकाजवळ रिक्षावाल्याशी नवऱ्याचं बोलणं चाललं होतं. वाडीकडे परत जायचं, सुईणीला बोलवायचं. काचेतून मला फक्त हातवारे दिसत होते. मग दामूकाका आत आले. माझ्याकडे न बघता थेट केबिनमध्ये. दार उघडंच राहिलं.

"साहेब, बाहेर एक बाय हाय. मूल आडवं. घरी चाललेत परत."

"का? कोणी पाठवलं?" सर उठले.

"कुनी नाय. आकड्यानं. तुमचा आकडा म्हाग हाय असं मी म्हनतच नाय. तुमी सांगा तरी. परवडला तर थांबतील, नाय तर ठान्याला जातील. पन येळेत जातील. त्याच्या डोक्यात एक लाख बसलेत. मी इचारलं त्याला, कुनी सांगितले एक लाख? म्हनतो, कुनीच नाय सांगितले, म्हनून एवढंच असतील."

सरांनी दाराबाहेर बघितलं. मग म्हणाले, "सिझर करावं लागेल. औषधं धरून पस्तीस. त्याच्यावर नाही जाणार. बाळाला काचेत ठेवावं लागलं तर वेगळं, ते आधी सांगेन."

दामूकाका बाहेर धावले. धावताना त्यांना मी तेव्हा एकदाच पाहिलं. टोपी पडली तीही उचलली नाही. त्या नवऱ्याकडे एकवीस हजार होते, त्याच्या मेव्हण्याने संध्याकाळी सात वाजेपर्यंत उरलेले आणून दिले. साडेचारला मुलगी झाली. रडायला तिने जरा वेळ लावला. मग तिचा आवाज आला. दामूकाका खाली वाकून आपली टोपी शोधत होते. कुणीतरी ती बाकाखाली सरकवली होती.

संध्याकाळी त्यांची शेवटची जीप गेली होती. मी सुटून निघाले तेव्हा ते पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, काय ते माहीत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "काका, मी त्याला सांगायला हवं होतं."

"तुला माहीत होता का आकडा?"

"सिझरचा माहीत होता. रोज मीच बिलं काढते."

खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी गुडघ्यांवर पसरला. मग म्हणाले, "आमच्या यमुनेला छातीत गाठ झाली होती."

यमुना म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन नऊ वर्षं झाल्याचं मला तेव्हा कळलं.

"ती एकटीच मुरबाडला डॉक्टरकडं जाऊन आली होती. मला सांगितलं, बाजाराला चालले. डॉक्टर म्हनले ऑपरेशन लागल. तिनं इचारलं, किती होतील? तर म्हनले, पुढं बघू, तपासन्या होतील तसं कळंल. ती घरी आली आनि गप बसली. वरीसभर. पदर नीट घेऊन फिरायची, मला वाटायचं थंडी वाजते. कळलं तेवा गाठ फुटली होती. मुंबईला नेली. तिथल्या डॉक्टरनं मला इचारलं, आदी का नाय आनली? तेवा इतक्यात झालं असतं. आनि आकडा सांगितला त्यानं."

त्यांनी गुडघ्यांवरचा टॉवेल सारखा केला.

"तेवढे होते घरात. बैलांच्या दोन जोड्या विकल्याचे, घरावर पत्रे टाकायचे म्हनून पेटीत ठेवलेले. ती पेटी कनगीला टेकून असायची. रोज सकाळी ती त्या पेटीवर चढून भात काढायची. माझ्या नवऱ्याला बुडवायचा नाय, असं तिच्या मनात. मी जल्मभर दुसऱ्यांचे सौदे जमवले, आनि माझ्याच घरातलं मानूस भाव न इचारता गेलं."

समोरच्या मेडिकलवाल्याने शटर अर्धं ओढलं. मग त्यांच्या भाच्याची मोटारसायकल आली आणि ते मागे बसून गेले.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. आमच्याकडे नेहमी होणाऱ्या ऑपरेशनांचे दर एका कागदावर छापून लावू का, विचारलं. मॅडम नाही म्हणाल्या. सर म्हणाले, बघू. चार दिवस मी रोज विचारलं. पाचव्या दिवशी सर वैतागून म्हणाले, "लाव बाई. पण खाली लिही, गुंतागुंत झाल्यास खर्च वाढू शकतो, त्याची कल्पना आधी देण्यात येईल." मी ठळक अक्षरांत छापलं आणि काचेच्या तड्यावरच चिकटवलं. सात ओळी होत्या. नंतरच्या खेपेला दामूकाका आले, आकडे वाचले आणि म्हणाले, "हर्निया म्हाग हाय. किन्हवलीला कमी घेतात." बस, एवढंच. पण नंतर ते कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, "तिथं जा, तिथली पोरगी सांगते."

पुढे माझ्यावरही वेळ आली. मी लग्न होऊन आसनगावला आले होते, नोकरी सोडली होती. वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि आम्ही त्यांना कल्याणच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. साप-विंचवाचाच प्रकार तो, आधी आत. ते आम्ही केलं. पण नंतरचे तीन दिवस दर सकाळी एक चिठ्ठी यायची, एवढे भरा. आम्ही भरायचो. बिलिंगची खिडकी दहा पावलांवर होती. खिडकीच्या आतली बाजू मला पाठ होती, आणि बाहेरच्या बाजूला उभं राहून माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. विचारलं तर वडिलांकडे नीट बघणार नाहीत, असं वाटायचं. सात वर्षं माझ्यासमोर उभे राहिलेल्या लोकांना काय वाटत असेल, ते मला तिथे कळलं.

चौथ्या दिवशी दामूकाका आले. कुणी कळवलं होतं कोण जाणे. खूप वाळले होते. दमा वाढला होता, दोन वाक्यांत धाप लागायची. माझ्या शेजारी बाकावर बसले. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "काका, तुम्ही विचारा ना."

त्यांनी मान हलवली. "माझा बाप नाय तो." मग श्वास घेऊन म्हणाले, "जा. कुनी खात नाय. मी हितं हाय."

मी गेले. खिडकीतल्या मुलीला विचारलं, आतापर्यंत कशाकशाचे किती झाले आणि पुढे रोजचे किती लागतील, लिहून द्या. ती म्हणाली, डॉक्टर सांगतील. मी म्हटलं, "नाही ताई, हे तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. मीही याच खुर्चीवर बसायचे." तिने माझ्याकडे पाहिलं, मागे कुणी आहे का पाहिलं, आणि दोन पानं छापून माझ्या हातात दिली. ती वाचून आम्ही वडिलांना पाचव्या दिवशी सरकारी हॉस्पिटलात हलवलं. तिथे ते सुधारले. आता काठी घेऊन अंगणात फिरतात.

त्या दिवशी मी दामूकाकांना कल्याणच्या एसटी स्टँडवर सोडायला गेले. मुरबाडची गाडी लागलेली होती. मी म्हटलं, तुमच्या दम्यासाठी एकदा दाखवून घेऊ, मी येते बरोबर. ते म्हणाले, भाताची झोडणी होऊ दे. मला तेव्हाच हट्ट करायला हवा होता. झोडणी झाली, आणि पंधरा दिवसांत ते घरी, खाटेवरच वारले. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

त्यामुळे माझ्याकडे राहिलं आहे ते त्या स्टँडवरचंच. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभी होते. त्यांनी एकदा हात केला आणि मग माझ्याकडे त्यांचं लक्षच राहिलं नाही. शेजारच्या सीटवर एक बाई येऊन बसली होती, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट घेऊन. त्यांचं काहीतरी बोलणं सुरू झालं. गाडी सुटली तेव्हा दामूकाकांनी तिचा एक्स-रे पाकिटातून काढून खिडकीच्या उजेडात धरला होता. उलटा धरला होता. आणि कपाळाला आठ्या घालून, मोठ्या गंभीरपणे, ते तो बघत होते, आणि ती बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती.